भोपळा

जमीरच्या पेपरावर मी तांबड्या शाईनं शून्य काढलं.
वीसपैकी. घटक: अपूर्णांक.
दुसऱ्या दिवशी पेपर परत आला तेव्हा
शून्याला देठ फुटला होता,
देठाला वळणदार तणावा, दोन पानं,
आणि एका पानाला किडीनं पाडलेलं भोकसुद्धा.
पालकांची सही तेवढी नव्हती.
मी वडलांना बोलावलं.

गौसभाई आले मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून,
अंगाला पॉलिशचा वास, नखांत भुसा.
कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
पेपर बराच वेळ पाहिला.
मला वाटलं, आता हात उगारतील.
ते पोराला म्हणाले,
"देठ मधोमध काढलास व्हय रं?
असा सरळ कुठं असतोय?
वेल जिकडं ओढते तिकडं कलतो त्यो."
मग माझ्याकडं वळून, अजिजीनं,
"शून्य मात्र बेस काढलंय बाई.
जरा बसकं असतं तर तंबोऱ्याला चाललं असतं."

मी हसले नाही.
एकवीस वर्षांची नोकरी,
मगदूम बाईंच्या वर्गात हसायची पद्धत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात गेले,
तक्रार पुरी करायला.
आढ्याला भोपळे टांगलेले, भीमाकाठनं आलेले,
वाळून हलके, पोटात बिया खुळखुळणारे.
जमीर डोळे मिटून एकेकावर टिचकी मारत होता.
हा ठेवा. हा ठेवा. हा फुटणार.
"कशावरून?"
त्याला सांगता येईना.
वर्गातल्यासारखीच मान खाली,
फक्त इथं उत्तरासाठी कुणी अडून बसलं नव्हतं.
फुटणारा भोपळा बाजूला गेलासुद्धा.

मग त्यानं तारेच्या लांबीचा दोरा घेतला,
तीन पदर केले, एक सोडला,
तिथं बोट ठेवून तार छेडली.
माझ्यातली बाई टुणकन उठली:
"अरे, हे दोन तृतीयांश! हेच तर पेपरात होतं!"
तो म्हणाला, "न्हाई बाई. ह्यो पंचम हाय."

हरिपूरच्या संगमावर मामांनी मला पोहायला शिकवलं,
पाठीला भोपळा बांधून, आठवीच्या सुटीत.
आधी मी वहीत आकृती काढली होती,
हात असा, पाय असा, श्वास कधी,
आणि ती पाठ करून
दोनदा नाकातोंडात कृष्णा घेतली.
एके दिवशी मधल्या धारेत कळलं
की भोपळा मघाशीच काठावर राहिलाय,
मामा तो मांडीत धरून शेंगा खात बसलेत.
पाय तेव्हा काय करत होते,
आजही सांगता येणार नाही.
कुणी पेपरात विचारलं
तर मला काय पडेल, ठाऊक आहे.

गौसभाई घोडीवर कानस फिरवतात,
फुंकर मारतात, तार छेडतात.
"बंद होती जवारी. आता उघडली. आलं ऐकू?"
मला दोन्ही वेळा तार ऐकू येते. तार. एवढंच.
जमीर माझ्या तोंडाकडं बघतो.
वर्गात मी त्याच्याकडं बघते तसं नव्हे,
नुसती वाट बघतो,
भोपळा वाळायची बघतात तशी.

पुढच्या चाचणीत त्याला चार पडले.
अर्धा मार्क दयेचा घालणार होते,
घातला नाही. त्याला ऐकू आला असता.

अजून जाते शनिवारी.
"आता?"
"नाही," म्हणते.
"बरं," म्हणतो तो,
आणि कानस पुन्हा वडलांच्या हातात देतो.